पालथा ग्लास

"हात सोड," एनिड म्हणाली. "ग्लास धुवायचाय मला."

"हा धुवायचा ग्लास नाही, बाई. डोळे फुटले का?" रॉय स्प्रेक हसला आणि त्याने तिचं मनगट आणखी पिरगळलं.

काउंटरवर त्याचा रिकामा ग्लास पालथा पडला होता. या भागातल्या कुठल्याही पबात असा ग्लास पालथा घातला की अर्थ एकच. इथल्या कुणालाही मी लोळवतो, ज्याच्यात दम असेल त्याने येऊन ग्लास सुलटा करावा. एनिडला हे ठाऊक होतंच. एकतीस वर्षं ती 'बार्जमन'मध्ये बिअर भरून देत होती. म्हणूनच धुवायचं निमित्त करून तिने ग्लास पटकन उचलायला घेतला होता. उष्टा ग्लास मोरीत गेला की विषय संपला. मालक होरॅस नेहमी तेच करायचा. पण होरॅस खाली तळघरात बिअरचं पिंप बदलत होता.

रविवारची दुपार, जेवणाआधीची गर्दी. काउंटरवर खायला ठेवलेल्या उकडलेल्या शिंपल्यांच्या बशीकडे एकाचाही हात जाईना. गोदीत पोती उचलणारे तीसचाळीस धटिंगण, पण सगळे आपापल्या बिअरच्या फेसाकडे बघत उभे. स्प्रेकने गेल्याच महिन्यात एकाचा जबडा मोडला होता. तो बिचारा अजून नळीने सूप पीत होता.

"काय रे? बायकोला विचारून येताय का सगळे?"

कोपऱ्यातलं बाक करकरलं. कोण उठलं ते वळून न बघताही एनिडला कळलं.

"विल्फ, खाली बस."

विल्फ तिचा थोरला भाऊ. वय एकसष्ट. एके काळी ब्याऐंशी लढती लढलेला बॉक्सर. आता सकाळी चहा प्यायलो की नाही हेसुद्धा आठवत नव्हतं त्याला. फेब्रुवारीत डॉक्टरने एनिडला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोक्यातली शीर कागदाएवढी पातळ झालीये, आणखी एक फटका बसला तर मला बोलावूही नका. तेव्हापासून ती त्याला घरी एकटं ठेवत नसे. कामावर येताना सोबत आणायची, नजरेसमोर बसवायची. इथे त्याला कोण हात लावणार होतं?

"तिचा हात सोड," विल्फ म्हणाला.

"आजोबा, दूध-बिस्किटाची वेळ झाली तुमची. जा."

"आधी हात सोड."

"विल्फ, अरे काही झालं नाहीये मला!" एनिड ओरडली. "बस म्हणते ना!"

विल्फने हात लांब केला आणि ग्लास सुलटा करून ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

स्प्रेकने मनगट सोडलं आणि सरळ ठोसाच हाणला. पण विल्फचं डोकं तिथे नव्हतंच. ते जरासं बाजूला झालं होतं, बस्स. मग विल्फचा डावा हात गेला. परत डावा. काडकन आवाज झाला आणि स्प्रेकचं नाक गालाकडे वळलं. रक्ताची चिळकांडी शिंपल्यांच्या बशीत पडली.

पब नुसता पेटला. "मार, विल्फी! बरगडीत घाल त्याच्या!" मघाशी फेस बघणारे तेच लोक आता खुर्च्यांवर चढले होते. एनिड काउंटरवरून अर्धी पुढे वाकून ओरडत होती, पण तिचं ऐकतो कोण! आणि खरं सांगायचं तर एक क्षण तीही गप्प झाली. विल्फचा चेहरा विशीतला दिसत होता. त्याला सगळं आठवत होतं. पाय कुठे टाकायचा, हनुवटी कुठे लपवायची, सगळं. स्प्रेक गुडघ्यावर आला, तोंडातून दात थुंकला, पुन्हा उठला, पुन्हा ठोसा खाल्ला.

मग तिने स्प्रेकचा हात मागच्या स्टुलाकडे जाताना पाहिला.

तिला दुसरं काही सुचलं नाही. पब बंद करायची पितळी घंटा डोक्यावरच होती. एकतीस वर्षांत या घंटेपुढे कुणाची हिंमत झाली नव्हती, भले भले अर्धा ग्लास खाली ठेवायचे. तिने दोरी धरली आणि जीव खाऊन ओढली.

सगळे थांबले. विल्फ सगळ्यांच्या आधी थांबला. घंटा झाली, राउंड संपला. त्याने दोन्ही हात खाली सोडले, पाठ फिरवली आणि शहाण्या माणसासारखा आपल्या कोपऱ्याकडे चालू लागला.

"विल्फ, मागे!"

स्प्रेक कधी रिंगणात उतरलेलाच नव्हता. त्याला घंटेचं काय! ओकचं ते जाड स्टूल विल्फच्या कानामागे बसलं.

मग चाळीस माणसं स्प्रेकवर पडली. त्याची बोटं बुटांखाली मोडली, तो डुकरासारखा किंचाळला, त्याला दारातून फरफटत रस्त्यावर नेलं. तळघरातून होरॅस धापा टाकत वर आला. एनिडने यातलं काही पाहिलं नाही.

विल्फ आपणहून उठला होता. भिंत धरत बाकापर्यंत गेला आणि बसला. कानातून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरत होती.

"किती राउंड झाले, टॉमी?"

टॉमी त्याचा उस्ताद. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"संपले," एनिड म्हणाली. घंटा मी वाजवली, मीच वाजवली, एवढंच तिच्या डोक्यात चालू होतं. "सगळे संपले, विल्फ."

"मग काढ ना हे. हात भरून आलेत."

त्याने दोन्ही मुठी पुढे केल्या. सालटी निघालेल्या, उघड्या मुठी. एनिड गुडघ्यांवर बसली. डावी मूठ तिने मांडीवर घेतली आणि मनगटापाशी नसलेल्या ग्लोव्हची नाडी सोडवायला लागली. एकेका भोकातून, सावकाश. मागे कुणी टोपी काढली, कुणी दार लावून घेतलं.

डावा झाला. उजवा आता पुढे धरलेला नव्हता, तो बाकावर तसाच पडला होता. एनिडने तो उचलून मांडीवर घेतला. फार जड लागला. तरी तिने त्याचीही नाडी सोडली.