सातवं नाव

लुकांग गावाच्या बाहेर आमच्या गल्लीत एकेकाळी नळाच्या पितळी तोट्या बनवणारे साठेक कारखाने होते. आता अकरा उरलेत, आणि त्यांतल्या पाचांचे हिशेब मी लिहिते. शिह चिंगशान यांचा कारखाना सगळ्यांत जुना. गेल्या वर्षी त्यांच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने कळवलं, की यापुढे शिसं नसलेल्या पितळेचाच माल घेऊ. त्याला नवी भट्टी हवी, नवी यंत्रं हवीत. बँकेने हात वर केले. तेव्हा चिंगशान माझ्याकडे आले.

"ताई, पैसे घालणारा भागीदार शोधायचा म्हणतोय. नाहीतर नव्या वर्षाला बत्तीस माणसांना घरी पाठवावं लागेल."

"भागीदार मिळेल हो मालक," मी म्हणाले. "त्याला दाखवण्याआधी पसारा आवरायला लागेल, ते अवघड आहे."

आवरायला चार महिने लागले. बाहेरचा माणूस नफा किती ते नंतर विचारतो. आधी विचारतो, घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो. चिंगशानना ते स्वतःलाच माहीत नव्हतं.

"मालकिणीची गाडी कोणत्या खात्यात तोट्या घासते?"

"घासत नाही, पण ती कधीकधी कारागिरांचे डबे आणते की."

"मग डब्याची रिक्षा म्हणून लिहू का?"

ते ओशाळून हसायचे. हिशेबातून गाडी काढली, माझू देवीच्या देवळाची देणगी काढली, मुलीच्या लग्नातलं चाळीस टेबलांचं जेवणही काढलं. कोणती तोटी पैसे मिळवते आणि कोणती नुसती मालकांची हौस आहे, याचा तक्ता केला. तैपेईहून फांग बाई येणार होत्या, एका गुंतवणूक कंपनीच्या. त्या काय काय विचारतील याची मी चिंगशानकडून उजळणी करून घेतली. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. बढाई मारलीत की त्या टिपून ठेवतील," मी बजावलं.

फांग बाई दोनदा आल्या, भट्टीजवळ उभ्या राहिल्या, माझा तक्ता तीनदा वाचला. कारखान्याचा एक तृतीयांश हिस्सा घ्यायला तयार झाल्या. अट एकच होती: महिनाअखेरीपर्यंत भागधारकांची यादी साफ हवी. ती यादी मी स्वतः केलेली होती.

तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे अशी कंपनी काढायची तर कायद्याला सात भागधारक लागायचे. पैसे एकाचे आणि नावं सात, असंच सगळे करायचे, आणि नावं जमवायचं काम हिशेब लिहिणारीचं. मालक, मालकीण, दोन भाऊ, एक मेहुणा, ओतकामाचा मिस्त्री. सातवं मिळेना, म्हणून मी माझ्या नवऱ्याचं, थिएनफूचं, नाव घातलं. दहावा हिस्सा त्याच्या नावावर. बाकीच्या पाच जणांकडून त्याच दिवशी हिस्सा परत करण्याच्या कागदावर सह्या घेतल्या, तारीख कोरी ठेवून. थिएनफूची तेवढी घेतली नाही. म्हटलं, घरचाच माणूस आहे, कधीही घेऊ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्या पाच जणांचं काम आठवड्यात उरकलं. थिएनफू अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याचा हिस्सा कायद्याने माझा आणि आमच्या मुलाचा, यूचेचा. दोघांच्या सह्या हव्यात. मी कागद घेऊन थायचुंगला त्याच्याकडे गेले. तो शाळेत गणित शिकवतो. त्याने प्रत्येक ओळ वाचली.

"बाबांनी यात किती घातले होते?"

"छदामही नाही. नुसतं नाव दिलं होतं."

"बाबा इस्पितळात होते तेव्हा तू कुठे होतीस, आई?"

मे म्हणजे कर भरायचा महिना. थिएनफू गेला त्या दुपारी मी चिंगशानच्या कारखान्यात पावत्या लावत होते.

"म्हणजे आपण काहीच घातलं नाही, असं नाही," यूचे म्हणाला. "त्यांना म्हणावं, रीतसर किंमत द्या. नाहीतर मी सही करणार नाही."

मी ओरडले, रडले, पोटच्या मुलापुढे हात जोडले. "अरे, त्या माणसाचा विश्वास आहे माझ्यावर!"

"तुला अजून त्यांचंच पडलंय," तो म्हणाला. मग त्याने मला भात वाढला, स्टेशनवर सोडलं, माझं तिकीटही काढलं. त्याच्यावर धड रागावताही येईना, आणि त्यामुळेच मला जास्त रडू आलं.

चिंगशानकडे किंमत द्यायला पैसे असते, तर ते भागीदार शोधायला निघालेच नसते. फांग बाईंनी आठ दिवस वाढवून दिले. मग फार सौम्य शब्दांत पत्र आलं, की त्यांनी दुसरा कारखाना निवडला आहे.

परवा चिंगशान माझ्या कचेरीत आले. मी चहा ओतला.

"सोळा जणांना सांगून झालं," ते म्हणाले. "मिस्त्रीने हातमोजे धुऊन, वाळवून परत दिले."

त्यांनी पेला खाली ठेवला. "ताई, एक विचारू? राग मानू नका. पाच जणांचे कागद घेतलेत. तुमच्याच घरचा तेवढा राहिला. विसरलात ना?"

"विसरले, मालक."

खरं तर विसरले नव्हते. दरवर्षी ती यादी माझ्या डोळ्यांखालून जायची, आणि दरवर्षी मी पान उलटायचे. थिएनफू गेल्यावरसुद्धा. का, ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि चहा संपवला.

आमच्याकडे कारखान्याचे दोन्ही शिक्के, मोठा कंपनीचा आणि छोटा मालकाचा, हिशेब लिहिणारीच्या कपाटात असतात. कागद बँकेचा असो की कराचा, शिक्का तीच मारते. चिंगशानचे शिक्के तीस वर्षं माझ्याकडे होते. एकदाही त्यांनी ते पाहायला मागितले नव्हते.

दारापर्यंत जाऊन ते वळले. "शिक्के देता का? घरीच ठेवावे म्हणतो. तुम्हाला उगीच त्रास."

मी डबी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनीही ती दोन्ही हातांनी घेतली, आणि कमरेत वाकून माझे आभार मानले.