कारंज्याभोवतीचं कुंपण

आत्याने यापुढे कुठे राहायचं, हे बाबा आज ठरवणार होते. एक तर घरी, म्हणजे चिंगीच्या खोलीत; नाहीतर वृद्धाश्रमात. बाबांचा सगळा जीव बहिणीत. आईने मात्र सकाळीच पिल्लू सोडलं होतं, "वन्सं हल्ली विसरतात हो. उद्या गॅस चालू ठेवून झोपल्या, तर?"

"बघू," बाबा म्हणाले होते. "आज दिवसभर बरोबरच आहे ना ती."

म्हणून ही राजवाड्याच्या बागेची सहल. पाहुण्यांची फजिती करायला जुन्या राजाने तिथे भुलभुलैया लावला होता. पुरुषभर उंचीची, कातरलेली दाट कुंपणं आणि मधोमध कारंजं. राजा म्हणे वरच्या सज्जात बसून पोट धरून हसायचा.

चिंगी नुकतीच गणितात पदवीधर झालेली. दाराशी लावलेला नकाशा तिने मन लावून पाहिला. कारंज्याभोवतीचं कुंपण बाहेरच्या कुंपणांना कुठेच जोडलेलं नव्हतं. बेटासारखं सुटं होतं.

आईबाबा सज्जात गेले. चिंगीने आत्याला हाताला धरून कारंज्यापर्यंत नेलं.

"आता शर्यत. बाहेर पडायची युक्ती सांगते. उजवा हात कुंपणाला लावायचा आणि चालत सुटायचं. काही झालं तरी हात काढायचा नाही. गणिताने सिद्ध झालंय."

"तू म्हणतेस म्हणजे झालंच," आत्या म्हणाली. "आमच्या घरात अक्कल काय ती तुझ्याच वाट्याला आली बाई."

युक्ती खरीच होती, पण बाहेरच्या कुंपणापासून सुरुवात केली तरच. चिंगी झपाझप बाहेर पडून सज्जात पोचली.

खाली आत्या कुंपणाच्या कडेकडेने निघाली आणि वळसा घालून पुन्हा कारंज्यापाशी आली. गोंधळली. हात न काढता परत निघाली. परत कारंजं. सज्जातले लोक खिदळायला लागले.

"ओ काकू, घाण्याला जुंपलंय का?"

"ताई, समोरची वाट घे! समोरची!" बाबा ओरडले. आत्याने वर बघून हसत मान हलवली आणि हात आणखी घट्ट दाबला.

बाबांचा चेहरा उतरला. चिंगीला वाटलं होतं, आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल. वाटलं ते कुतूहल: किती वेळ चालेल ही?

शेवटी रखवालदार आत्याला बाहेर घेऊन आला. तळहात ओरखड्यांनी लाल झालेला.

"सोडला नाही हं हात," ती चिंगीला म्हणाली. "तू सांगितलंस तस्सं केलं."

बाबांनी चिंगीकडे पाहिलं.

"मी?" चिंगी अगदी मऊ आवाजात म्हणाली. "मी म्हटलं, माझ्यामागून ये. असं कुठे सांगितलं, आत्या?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, डोक्यात कुठेतरी ठेवलेलं काही शोधत असल्यासारखी.

"असं म्हणालीस? असेल. असेल बाई." मग तिने बाबांचा दंड धरला. "बाळ, मला वृद्धाश्रमातच ठेव रे. तुझ्या घरात काही भलतंच करून बसले तर?"

बाबा गाडीकडे चालू लागले.

"वन्सं, जपून हं, पायरी आहे," आई म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती आजवर नणंदेशी कधीच बोलली नव्हती.