जास्तीचा कॉम्प्रेसर

जास्तीचं काही मला सहन होत नाही. ना बोलण्यात, ना इंजिनात. वाळवंटाकाठच्या आमच्या ततावीन गावातले बाकीचे मेकॅनिक गाडीत काहीबाही बसवून देतात, मी काढून टाकतो. लोक म्हणतात, मेहरेझ उस्तादाकडे गाडी न्या, अर्धी करून परत देईल. म्हणोत बापडे.

धाऊकाकांची पिकअप दोरीने ओढत आणली तेव्हा तेलात पाणी शिरलं होतं. तेल मोजायची काडी बाहेर काढली तर तेल ताकासारखं पांढरट. इंजिनाच्या हेडखालची, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, गेलं होतं.

"फक्त गॅस्केट बदल, मेहरेझ," काका म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस."

"काका, न्हाव्याला कधी सांगता का, एकाच गालाची दाढी कर म्हणून?"

ते हसले नाहीत. "मब्रूका शेजारणीकडे आहे, मला निघायला हवं," एवढंच बोलून वर डोंगरातल्या आपल्या दुइरात गावी जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. मब्रूकाकाकूंना दोन वर्षांपासून माणसं ओळखू येत नव्हती, हे मलाही माहीत होतं.

तीन दिवस गरम वारा सुटला होता. शटर अर्धं खाली ओढून मी हेड उतरवलं आणि जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून ते घासत बसलो. गोल, गोल. घासता घासता डोळे मिटायचे, हात मात्र चालूच. बाहेर रस्ता आहे की नाही, हेही कळत नव्हतं. मग नवं गॅस्केट ठेवलं आणि बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत गेलो, तीन फेऱ्यांत. बोल्ट आवळताना आमच्याकडे मेकॅनिकशी कोणी बोलत नाही. समोरचा चहावालाही ग्लास ठेवून गुपचूप निघून जातो.

आणि मग माझा हात थांबेना. हीटरचे पाइप काढले. थर्मोस्टॅट काढला, आमच्या उन्हात त्याचं काय काम? शेवटी राहिला गार हवेचा कॉम्प्रेसर. वीस वर्षांपूर्वी मेलेला. आत गॅसचा पत्ता नाही, तरी पट्ट्यावर उगाच गरगरतोय आणि बेअरिंग किंचाळतंय. तोही काढला. इंजिन चालू केलं आणि स्टुलावर बसून ऐकत राहिलो. सामान हलवून खिडक्या उघडलेल्या घरात बसल्यासारखं वाटत होतं. ऐकता ऐकता ऊन भिंतीवरून उतरून गेलं. मी खूश होतो, अगदी मनापासून.

काढलेला एकूण एक भाग पिठाच्या पोत्यात भरून मालकाला परत द्यायचा, ही आमची रीत. नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, मेहरेझने विकून खाल्लं. काका गाडी न्यायला आले तेव्हा पोतं मागे टाकलं. नव्या गॅस्केटवरचा पहिला चढ डोळ्यांसमोर झालेला बरा, म्हणून काकांच्या शेजारी मीही बसलो.

काकांनी चावी फिरवली. "आवाज?" त्यांनी विचारलं.

"गेला!" मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी वळून मागच्या पोत्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. धुळीत डोंगर तरंगत होते, आणि आम्ही इतक्या शांतपणे चढत होतो की गाडी रस्त्याला टेकली आहे की नाही, अशी शंका यावी.

मब्रूकाकाकू अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाडी दहा पावलांवर येऊन थांबली तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"या," त्या काकांना अदबीने म्हणाल्या. "कुठून आलात? आमच्याकडचं माणूस अजून आलं नाही."

काका उतरले, गाडीचं दार लावलं आणि माझ्याकडे वळले.

"दिवसातून एकदाच ओळखायची रे मला," ते हळू आवाजात म्हणाले. "चढावर तो कॉम्प्रेसर किंचाळायला लागला की उठायची, चहा ठेवायची. चहा संपेपर्यंत मी तिचा नवरा असायचो."

"मग सांगायचं नाही का, काका?"

"सांगितलं होतं. हात लावू नकोस म्हणालो होतो."

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. पोतं अंगणात उपडं केलं. कॉम्प्रेसर होता, पट्टा होता, बोल्टसुद्धा होते. तापलेल्या इंजिनात हात घातले, बोटं पोळली, पोळू देत म्हटलं. तासाभराने पट्टा चढला.

"काका, पार खाली जा आणि परत वर या."

मी भिंतीशी बसून राहिलो. काकू आभाळाकडे बघत होत्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या वळणावरून तो आवाज आला, बारीक, चिरका, कानाला नकोसा.

काकूंची बोटं हलली. त्या उठल्या, निखारे सारखे केले, चहाचं भांडं ठेवलं. दोन ग्लास पुसले. मला म्हणाल्या, "बस रे बाळा, आला बघ तो."

गाडी अंगणात शिरली. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"धाऊ! किती वर्षं सांगतेय, हे किंचाळणं एकदाचं बंद करून घे! त्या मेकॅनिकला काय हात नाहीत?"

काका उतरले. इंजिन बंद करायचंही भान त्यांना नव्हतं.

"नेतो गं," ते म्हणाले. "उद्याच नेतो."