पिवळ्या रेघेच्या मागे

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे हॅरो क्रीकच्या नेमबाजीच्या रेंजवर नुसती झुंबड. एल्कच्या, त्या थोराड सांबरासारख्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम पंधरा दिवसांवर आलेला असतो आणि वर्षभर कपाटात पडलेली बंदूक ज्याला त्याला त्याच दिवशी आठवते. मग सगळे निशाण जुळवून घ्यायला येतात. नऊ टेबलं, नऊ माणसं, आणि मागे बाकांवर, आपली पाळी कधी येते म्हणून घड्याळाकडे बघत बसलेले आणखी दहा-बारा.

या सगळ्यांवर लेलंड थॉर्सरुडचा अंमल. वय त्र्याहत्तर. उभी हयात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ काढण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी नारिंगी जाकीट चढवून तो इथे उभा राही, तेही एक पैसा न घेता. कामात चोख आणि तोंडाने फटकळ. त्याच्या नादी सहसा कुणी लागत नसे. डोंगराच्या पायथ्याला काउंटीने सगळ्यांसाठी बांधलेल्या त्या रेंजवर इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि याचं श्रेय आपलं आहे हे लेलंड विसरत नसे. दुसऱ्यांनाही विसरू देत नसे.

नियम साधा होता. लेलंडने "थंड!" अशी आरोळी दिली की प्रत्येकाने बंदूक रिकामी करायची, गोळी आत सरकवणारा बोल्ट उघडा ठेवायचा, आत नारिंगी झेंडी खोचायची, बंदूक टेबलावर ठेवून पिवळ्या रेघेच्या मागे यायचं. मग ज्यांना टार्गेटचे कागद बदलायचे असतील ते समोर मैदानात जात. ते परत येईपर्यंत बंदुकीला कुणी हात लावायचा नाही, धूळ पुसायलाही नाही. सगळे परतले की लेलंड मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी पिंजून काढी आणि "गरम!" म्हणून ओरडे. त्यानंतरच पुन्हा गोळीबार.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्याच्या जावयाने, किपने, हा नियम मोडला. मैदान थंड होतं. जोराचा वारा सुटला, किपची बंदूक टेबलावरून घसरायला लागली आणि त्याने चटकन पुढे होऊन ती धरली. समोर शंभर यार्डांवर त्याची बायको, म्हणजे लेलंडची करीन, कागद लावत होती. लेलंडने त्याला तिथल्या तिथे वर्षभरासाठी बाहेर काढलं. तेही नियमातच होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण लेलंड तेवढ्यावर थांबला नाही. किप त्याला पहिल्यापासून पसंत नव्हता. परगावचा, आधीचं एक लग्न मोडलेला, टायरच्या दुकानात काम करणारा. त्या दिवशी वीस माणसांसमोर लेलंड म्हणाला, "माझी लेक कुणाच्या हाती दिली ते आज कळलं."

करीन तोवर परत आली होती. तिने ते ऐकलं. त्यानंतर ती बापाच्या घराची पायरी चढली नाही. नाताळात फोन आला, तो दोन मिनिटांचा. घर अगदी सुनं झालं होतं, पण लेलंड स्वतःला समजावत राहिला की आपण नियमाने वागलो. वर्षभर तो हेच घोकत होता.

आज ते वर्ष संपलं होतं. किप येईल की नाही, करीन बरोबर असेल की नाही, एवढाच विचार सकाळपासून त्याच्या डोक्यात घोळत होता.

"लेलंड, लक्ष कुठंय तुझं?" पाच नंबरच्या टेबलावरून आर्डिस ओरडली. सत्तरीची बाई, नवरा हॅरॉल्ड जाऊन सहा महिने झालेले. "हॅरॉल्डची ही बंदूक मेली खांदा मोडते माझा."

"हॅरॉल्ड तरी कधी तुला सुखानं बसू द्यायचा?"

"ते खरंच. पण तो निदान भांडी घासायचा. ही ते पण नाही करत." सगळे हसले. आर्डिसने खांदा चोळला आणि पुन्हा नेम धरला.

दहाच्या सुमाराला लेलंडने मैदान थंड केलं. चौघं-पाचजण कागद आणि स्टेपलर घेऊन समोर गेले. त्यांत आर्डिसही होती. लेलंड टेबलांवरच्या झेंड्या तपासत चालला होता, तेवढ्यात फाटकातून हिरवी पिकअप आत आली.

किप उतरला. गाडीत करीन बसलेली दिसली. ती उतरली नाही.

किपने फाटकाजवळच्या खोपटात वॉन्डाकडे नाव लिहिलं. वॉन्डाही लेलंडसारखीच तिथली अधिकारी, आज नोंदीचं काम तिच्याकडे होतं. मग बंदुकीची पिशवी हातात घेऊन तो आला आणि पिवळ्या रेघेच्या मागे इतरांच्या शेजारी उभा राहिला. पिशवीची चेनसुद्धा त्याने उघडली नाही. लेलंडकडे त्याने पाहिलंही नाही. काहीतरी बोलावं, निदान "आलास?" एवढं तरी, असं त्याला फार वाटलं. पण तो झेंड्या तपासत पुढे निघून गेला.

मैदानातली माणसं परतली होती. लेलंडने बाकांवरची माणसं सोडून रेघेशी उभी असलेली डोकी मोजली. टेबलं नऊ, डोकी नऊ. हिशेब जुळला. त्याची नजर पुन्हा हिरव्या गाडीकडे गेली आणि तोंडाने सवयीने काम केलं.

"गरम!"

माणसं टेबलांशी गेली. अधिकाऱ्याने सांगितलं म्हणजे मैदान मोकळं आहे, ही इथली रीत. प्रत्येकाने पुन्हा स्वतः खात्री करत बसायचं नसतं. डावीकडच्या टोकाला बॉइड नावाच्या तरुणाने गोळी भरली, पन्नास यार्डांवरच्या कागदावर नेम धरला आणि बार काढला.

"गोळीबार बंद! थांबा! शंभरवर माणूस आहे!"

ओरडला तो किप. त्याच्या हातात बंदूक नव्हती, डोळ्यांना दुर्बीण नव्हती, आणि बाकांवरच्यांसारखं त्याचं लक्ष घड्याळाकडेही नव्हतं, म्हणून तो एकटाच मोकळ्या नजरेने मैदान बघत होता. शंभर यार्डांवरच्या टार्गेटच्या चौकटीमागून आर्डिसचा निळा स्कार्फ वर आला. तिचा चष्मा गवतात पडला होता आणि बिचारी गुडघ्यांवर बसून तो शोधत होती. बॉइडची गोळी तिच्यापासून तीस फुटांवर मातीच्या बांधात शिरली होती.

नववं डोकं किपचं होतं.

बंदुका टेबलांवर गेल्या, झेंड्या खोचल्या गेल्या. बॉइड टेबलाजवळ खालीच बसला. आर्डिस चिखलाचे गुडघे घेऊन चालत आली. चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड जागेवर होतं. "लेलंड, हॅरॉल्डकडे जायची मला एवढी घाई नाही रे बाबा. असती तर मीच सांगितलं असतं तुला."

त्यावर सगळे गरजेपेक्षा जास्त मोठ्याने हसले. मग एकेकाने लेलंडच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं कधीतरी." "झालं नाही ना काही? मग सोड." "एवढ्या वर्षांत एकदा. आमच्यापैकी कुणाला एवढं जमलं असतं?" त्या प्रत्येक शब्दाने लेलंडला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मोजायची डोकी नसतात, मैदान असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो स्वतः हेच शिकवत असे.

त्याने किपकडे पाहिलं. आज किपची वेळ होती. वर्षभर साठवलेलं काय ते तो आता सगळ्यांसमोर बोलून टाकेल, आणि बोललाच पाहिजे, असं लेलंडला वाटलं. किप मात्र बॉइडशेजारी जाऊन बसला आणि त्याला पाण्याची बाटली दिली.

लेलंड खोपटात गेला. जाकीट काढून त्याने वॉन्डाच्या टेबलावर ठेवलं, नियमभंगाची वही ओढली आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, एक वर्ष.

"वेड लागलंय का तुला?" वॉन्डा म्हणाली. "महिनाभर घरी बस आणि ये परत."

"किपला किती दिलं होतं?"

"त्याचं वेगळं होतं."

"काय वेगळं? त्यानं घसरणारी बंदूक धरली. मी माणूस समोर असताना गोळी घाला म्हणून सांगितलं."

"लेलंड, तू त्र्याहत्तरचा आहेस. वर्ष म्हणजे..."

"माझं वय मला ठाऊक आहे. जाकीट घाल, माणसं खोळंबली आहेत. आणि वॉन्डा, मैदान बघ. डोकी मोजू नकोस."

बाहेर आल्यावर कुठे उभं राहायचं तेच त्याला कळेना. आत जायची बंदी होती, तीही स्वतःच्या हाताने लिहिलेली. तो गाड्यांकडे गेला. करीनने काच खाली घेतली. तिनेही तो बार ऐकला होता, आरडाओरडाही ऐकला होता.

"खरंच कुणाला लागलं नाही ना?"

"नाही. आर्डिस होती समोर. माझी चूक."

"सांगितलं मला एकानं." ती समोर बघत होती. "बाबा, कुणी काही बोललं तुम्हाला?"

"नाही."

"एक जणही नाही?"

"नाही. उलट समजूत घालत होते."

"किपनं?"

"त्यानंही नाही."

करीनने मान हलवली. "वर्षभर तो कुठल्याच रेंजवर गेला नाही. पलीकडच्या काउंटीत जाता आलं असतं, मी म्हटलंही. म्हणाला, बंदी म्हणजे बंदी, तुझ्या वडिलांचं तेवढं बरोबर आहे. गेल्या हंगामात आम्ही एल्कच्या मांसाशिवाय हिवाळा काढला. त्याचं काही नाही. पण दुकानातली माणसं अजून तुमचं ते वाक्य म्हणून त्याला चिडवतात. तो हसतो त्यांच्याबरोबर. मला ते हसणं बघवत नाही."

लेलंडच्या डोळ्यांत पाणी आलं. नियम चुकला नव्हता. पण नियमाच्या आडून आपण मनातली गरळ ओकून घेतली होती, आणि वर वर्षभर न्यायाधीशाचा आव आणला होता. "मी त्याची माफी मागतो," तो म्हणाला. "इथं येईल ना तो, झाल्यावर?"

"इथं?" करीनने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "बोलताना तर सगळ्यांसमोर बोललात."

तो तिथेच थांबला. रेंजवर बार होत होते. पुष्कळ वेळाने वॉन्डाची आरोळी आली, मैदान थंड झालं. लेलंड फाटकापर्यंत गेला आणि त्याने टोपी काढली.

"वॉन्डा, मला बंदी आहे. पण रेघेपर्यंत येऊ देशील? दोन मिनिटं."

वॉन्डाने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलांवरच्या झेंड्यांकडे पाहिलं. "मैदानात कुणी जाऊ नका अजून," तिने सगळ्यांना बजावलं. "ये."

बंदुका टेबलांवर पडल्या होत्या. पिवळ्या रेघेमागे वीसेक माणसं रिकाम्या हातांनी उभी होती. किप टोकाला होता. लेलंड त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला. 

"गेल्या वर्षी मी याला बाहेर काढलं, ते नियमानं. पण लेकीवरून जे बोललो, ते नियमात नव्हतं. ते माझ्या मनातलं होतं आणि ते खोटं होतं. आज आर्डिस जिवंत आहे ती याच्यामुळे. बार निघाल्यावर बाकी सगळे माझ्या शब्दावर विसंबून होते, हा एकटा ओरडला. किप, मला माफ कर."

आर्डिसने चष्मा काढून पुसायला घेतला.

"लेलंड," किप म्हणाला, "ते वाक्य मी वर्षभर रोज ऐकलंय. हे आत्ता एकदाच ऐकलं. मला वेळ लागेल."

"लागू दे," लेलंड म्हणाला.

किपने मान हलवली, खिशातून घडी केलेला टार्गेटचा कागद काढला आणि मैदानात जाण्याआधी वॉन्डाकडे परवानगीसाठी पाहिलं.