पहिला पेला
बूशतानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि उशीवर आपटला.

"आज पुन्हा तोच गाढव," तो म्हणाला. "डोळे मिटले की लअर्बीच चहा ओततो."

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून व्यायाम शिकवणारी सिहाम मेकनेस शहरातल्या त्यांच्या घरी येई. बोटांचे, खांद्याचे व्यायाम झाले की ती त्याला डोळे मिटायला लावी आणि अंग न हलवता, मनातल्या मनात तोच हात चालवायला सांगे. सवयीचं काम घ्या, म्हणाली होती. बूशतानं चहा ओतण्याचं काम निवडलं. या घरात किटली घरधन्याच्या हातात. बापानंतर ती त्याच्याकडे आली होती. पहिला पेला भरून किटलीत परत ओतायचा, चहा मुरू द्यायचा, मग हात उंच नेऊन अशी धार सोडायची की पेल्यात फेस चढावा. आता दर शुक्रवारी त्याच्या गादीवर धाकटा भाऊ लअर्बी बसे आणि बूशता समोर, पाहुण्याच्या जागी. हे त्याच्या डोक्यात जाई.

मनात तुम्ही बसता कुठे, सिहामनं विचारलं.

"कुठे म्हणजे? समोर. जिथे बसवलंय तिथे."

"मग तिकडून त्यांचाच हात दिसणार, काका. तिथून उठा. आपल्या गादीवर बसा आणि खाली आपला हात बघा."

त्याला तिचाही राग आला. स्वतःच्या जागेसाठी आता मनातसुद्धा भांडायचं? पण तो भांडला. रोज दुपारी डोळे मिटून त्यानं लअर्बीला गादीवरून हुसकावलं, नाही नाही ते ऐकवलं, आणि मग किटलीचा दांडा मुठीत आवळला. हळूहळू बोटं खरोखरच मिटू लागली. ते बघून रहमाचे डोळे भरून आले, तर तो बायकोवरही खेकसला.

शुक्रवारी कुसकुसचं ताट उचललं गेलं आणि लअर्बी तबकाकडे सरकला.

"ऊठ," बूशता म्हणाला. "माझी जागा आहे ती."

लअर्बी मुकाट्यानं उठला. तो भांडला नाही म्हणून बूशता आणखीच चिडला. रहमानं छोटी किटली अर्धीच भरून आणली, तेव्हा भातुकली मांडलीस का, असं त्यानं तिला विचारलं. गादीवर टेकल्यावर त्यानं खाली बघितलं. सतरंजी चहाच्या डागांनी भरली होती. समोरून ते कधी दिसले नव्हते.

"मला कुठे जमते तुझ्यासारखी धार," लअर्बी समोर बसत म्हणाला.

बूशतानं उजवा हात किटलीकडे नेला. बोटं दांड्यावर मिटली. किटली तबकावरून जेमतेम सुटली आणि थरथरली. निम्मा चहा पेल्यात पडला, निम्मा बाहेर. फेसाचं नाव नाही. त्याचा चेहरा रागानं लाल झाला.

"झाली तुमची करमणूक? घे, बस पुन्हा इथे."

लअर्बीनं तो पेला उचलला, किटलीचं झाकण काढलं आणि चहा आत परत ओतला.

"पहिला पेला या घरात कधी कुणी प्यालंय?" त्यानं रिकामा पेला पुढे धरला. "ओत आता. तुझ्या चहाची वाट बघून घसा सुकलाय माझा."