वायरलेसवरची हाक

साध्या आवाजाला रेडिओवरचा आवाज करणं हे निदाच्या लेखी पाच मिनिटांचं काम. खालचा जाड आवाज कापायचा, वरचा बारीक कापायचा, मधला नाकातला तेवढा ठेवायचा. तो जरासा फाडायचा, त्याखाली खरखर पसरायची आणि सुरुवातीला बटण दाबल्याची एक खट्. रत्नागिरीत घराच्या मागच्या खोलीत बसून लग्नांचे व्हिडिओ जोडणाऱ्या बाईला असली कामं मिळतात कुठं? त्यामुळे इशरतचं काम आलं तेव्हा निदा मनातून हरखली होती. बरसीचं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या पुण्यतिथीचं काम आणि हरखायचं, याची नंतर तिला लाज वाटली. पण ती नंतर.

इशरत तिची शाळेपासूनची मैत्रीण. इशरतचा नवरा अझीम होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. वर्षापूर्वी पावस गावासमोरच्या समुद्रात, भर दुपारी वादळी वाऱ्यात त्याची होडी चार जणांसकट बुडाली. सगळ्यांत जवळ होती हुसेनचाचांची होडी. चाचा बंदरावर आले ते हेच सांगत आले, की सेटवर कोणाची हाक आली नाही. सेट म्हणजे होड्या एकमेकींशी बोलतात तो वायरलेस. हाक नाही, म्हणजे होडी एका दमात उलटली, बिचाऱ्यांना माईक उचलायलाही सवड झाली नाही. बंदराने हे मान्य केलं आणि विषय संपला.

बरसीच्या व्हिडिओसाठी इशरतने अझीमचे फोटो दिले, होडीची क्लिप दिली आणि फोनमधले आवाजही दिले. त्यातला एक ऐकून दोघी हसल्या. घरचे सगळे लग्नाला गेलेले, दाराला कुलूप, आणि हा बाबा दारात उभा राहून घरच्या ग्रुपवर ओरडत होता: "अरे जवाब द्या रे कोणीतरी! इतका वेळ हाक मारतोय, कोणीच नाय काय?"

"हाच घे," इशरत म्हणाली. "असाच चिडायचा तो. वायरलेसवर बोलतोय असा कर, समुद्र दिसेल तिथं."

निदाने केला, आणि झकास केला. खट् वाजलं, खरखर उठली आणि लाटांवरून अझीम जवाब मागू लागला, तेव्हा तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. खाली दोन शब्द लिहावेत, आवाज फोनमधला आहे म्हणून, हे तिच्या मनात आलं होतं. पण त्याने सगळी मजा गेली असती. इशरतने पाहिला, रडली, नातेवाइकांना पाठवला. दोन दिवसांत तो बंदरभर फिरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हुसेनचाचा दारात उभे राहिले. निदाने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"किती वाजताचा हाय तो?"

"काय, चाचा?"

"अझीमचा कॉल. टेप कोणी केलेला? टायम सांग मना."

खरं सांगायचं तर निदाला आधी क्षणभर अभिमानच वाटला. चाळीस वर्षं सेटला कान लावलेला माणूस फसला होता! मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी बांगडा लागलेला गो बाय," चाचा खाली बघत बोलू लागले. "सेट चालू ठेवला तर सगळे विचारणार, हुसेन, कुठं हायस? खोटा सांगायचा जिवावर येतो. म्हणून बंद केला. सगळेच करतात. दीड तास बंद होता. ह्यो कॉल त्या दीड तासात आला काय, ताच बघायचाय मना."

मासळी लागली की बाकीच्या होड्यांनी तिथं गर्दी करू नये म्हणून तांडेल सेट बंद करतो, हे बंदरावर पोरासोरांनाही ठाऊक. पण कोण कधी बंद करतो ते कोणी कोणाला विचारत नाही. चाचांनाही कोणी विचारलं नव्हतं.

निदाने घाईघाईने मूळ आवाज लावला. कोंबडी ओरडत होती, कुलूप वाजत होतं. "हा कॉल नाहीच, चाचा. मी बनवलाय. घरच्या दारातला आहे."

चाचांनी तो दोनदा ऐकला. "म्हंजे कॉल आलाच नव्हता?"

"हा तरी नाही. खरा आला होता की नाही, ते..." निदा अडखळली.

"ता सांगणारा मीच होतो, नि माझा सेट बंद," चाचा म्हणाले आणि वळले. "इशरतकडे जातो."

"आता कशाला, चाचा? मी व्हिडिओ काढून टाकते. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"वर्षभर तिच्या तोंडावर खोटा बोललोय," एवढंच बोलून ते पायऱ्या उतरले.

निदाने इशरतला फोन करायला घेतला आणि ठेवला. काय सांगणार होती ती?

अस्राच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाच्या सुमाराला इशरतचाच फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हुसेनचाचा येऊन गेले."

"इशरत, मी व्हिडिओ..."

"व्हिडिओचा राहू दे," इशरत म्हणाली. "हाक मारायलाही वेळ मिळाला नाय त्याला, पटकन गेला, एवढ्यावर मी वर्ष काढला गो. आता त्या दीड तासाचा मी काय करू?"