तत्काळची रांग

सीतारामला कोणावर तरी चिडायचं होतं, आणि कल्याणच्या तिकीटघरात चिडायला माणसांची कमी नव्हती. पहाटे पाचला मोहन्याहून रिक्षा करून आलेला बिचारा. उद्याच्या अकोल्याच्या गाडीचं तत्काळ तिकीट अकराला मिळणार, म्हणून सहा तास आधी! रांगेच्या कागदावर चौथा नंबर लागला. हा कागद रेल्वेचा नव्हे, रांगेतल्या लोकांचाच. नेहमी येणारा काळुराम तो सांभाळायचा आणि आठ वाजता हजेरी घ्यायचा. पुकारल्यावर जो जागेवर नसेल, त्याचं नाव सरळ शेवटी.

आणि नेमका आठ वाजताच थोरल्या भावाचा, धोंडीबाचा फोन आला.

परवा धोंडीबाच्या पोरीचं, रसिकाचं लग्न. पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच आलेली, पण व्हॉट्सअॅपवर. सख्ख्या चुलत्याला अशी पत्रिका? सीतारामचं डोकंच फिरलं. "दादाने स्वतः फोन केला तर जाईन, नाहीतर गेलं उडत," असं तो घरात ठणकावत राहिला. तेव्हा गाडीत जागाच जागा होती. दादाचा फोन आला तो थेट काल संध्याकाळी. आजचा हा दुसरा.

गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून तो बाहेर गेला.

"येतोयस ना रे? रसिका सारखी विचारतेय, काका कधी येणार."

"तिकीट झालंच समज, दादा!"

छाती फुगवून आत आला, तर नाव कापलेलं.

"अरे, दोन मिनिटं बाहेर गेलेलो!"

"तीनदा ओरडलो, काका. आता तुम्ही एकविसावे," काळुराम म्हणाला.

"हा कागद काय तुझ्या बापाचा आहे?"

"काका, उगाच खोळंबा करू नका," मागून चारपाच जण खेकसले. सीताराम दात-ओठ खात मागे जाऊन उभा राहिला.

खिडकीपाशी पोचला तेव्हा वेटिंग चौसष्ट. हे कन्फर्म होणार? कप्पाळ!

घरी आल्या आल्या त्याने चपला भिरकावल्या. बायको, नीला, बॅग भरत होती.

"नाही मिळालं. काय ती माणसं, काय तो कागद! आता बसू दोघं घरीच."

"मी जाणारेय. माझं तिकीट आहे," नीला म्हणाली.

"कुठून आलं?"

"पत्रिका आली त्याच दिवशी शेजारच्या पायलकडून काढून घेतलेलं. पोरीने पाच मिनिटांत मोबाईलवर केलं."

"आणि माझं?"

नीलाने साडीची घडी बॅगेत दाबली. "तुमचंही काढलेलं. माझ्या समोरचीच सीट. मागच्या रविवारी जेवताना ताट सरकवलंत आणि म्हणालात, परत लग्नाचा विषय काढलास तर याद राख. सोमवारी मी ते रद्द करायला सांगितलं."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"अहो, सांगणार कधी? विषय काढला की तुम्ही भडकायचात."

सीतारामने तोंड उघडलं, पण चिडायला आता कोणी उरलंच नव्हतं. लाज वाटली त्याला, बायकोसमोर मान वर होईना. मग त्याने अकोल्याला फोन लावला.

"दादा, तिकीट नाही मिळालं."

"म्हणजे येत नाहीस," धोंडीबा म्हणाला.

"येतोय. नीलाच्याच गाडीने, जनरलच्या डब्यातून. दहा तास उभं राहावं लागलं तरी येतोय." सीतारामने नीलाच्या बॅगेकडे पाहिलं. "सीट होती माझी, दादा. दोन महिने होती. मीच घालवली."